बारा मिनिटांचा दवाखाना

मी भुताला भीत नाही! आमच्या गोडादऱ्यात कुणालाही विचारा. आता या रविवारचं मात्र कुणाला विचारू नका, मीच सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीला, चैतालीला, बघायला नवागामहून पाहुणे चार वाजता येणार होते. मुलगा तिला फोटोतच आवडला होता. वडील गेल्यापासून घरचा कर्ता मी, म्हणून दारात उभं राहून स्वागत माझ्याकडे. साडेतीन वाजले होते. म्हटलं, एक डाव सहज होईल!

डाव म्हणजे कॉम्प्युटरवरचा जुना भुताचा गेम. चित्रं सगळी ठोकळ्यांची. पण पडक्या दवाखान्यातली कोडी सोडवत बारा मिनिटांत बाहेर पडायचं, नाहीतर मेलेली नर्स गाठते! तिची पावलं ऐकू यावीत म्हणून मी हेडफोन चढवले. कोडी सांगायला फोनवर नितीन होता. आम्ही दोघं एकाच लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला.

नर्सनं पहिल्यांदा मारलं. दुसऱ्यांदाही मारलं. दर वेळी पुन्हा नवी बारा मिनिटं! चार वाजून गेले हे मला कळलंच नाही.

आता एक सांगायला हवं. पंधरा वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. तिथे शेजारच्यालाही बोंबलूनच सांगावं लागतं. त्यात कानांवर हेडफोन!

"नितीन! म्हतारीनं मढं कोठे टाकू?" मी ओरडलो. "तिना दात उपटी लिनात! आते पोरले पेटीमा कोंडस! दोनच मिनिटं राह्यनात!"

तेवढ्यात पाठीत धपाटा बसला.

"नर्स उनी!" मी किंचाळलो.

नर्स नव्हती, आई होती. "मुडदा! पाहुना दारमाईन पयी ग्यात!"

चैताली नव्या साडीत, अनवाणीच, त्यांच्यामागे धावत गेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बहिणीचं ठरत आलेलं लग्न मी माझ्या तोंडानं मोडलं होतं!

दहा मिनिटांनी ती सगळ्यांना घेऊन परतली. मी हात जोडले. "माफ करा, तो गेम..."

चैतालीनं मागून डोळे वटारले. मुलाची आई, उषाबाई, सरळ माझ्यापाशी आल्या, डोक्यावरून हात फिरवला आणि हातात पेढा ठेवला. "खाय भाऊ, खाय. आठे मढंबिढं काहीच नही."

मी बहिणीकडे पाहिलं. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "लूमचा धोटा डोक्याला लागल्यापासून असं करतो, म्हणून सांगितलंय. लग्न लागेपर्यंत तोंड उघडलंस तर बघ!"

पाहुण्यांच्या घरातलेही तिघं लूमवरच. धावता धोटा मागावरून उडून लागतो हे त्यांना लगेच पटलं. उषाबाई म्हणाल्या, "पोर पसंत शे. आजारी भाऊनं एवढं करस ती!"

मग चहा आला. सगळ्यांना कपबशीतून. मला स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच, उषाबाईंनी फुंकून गार केलेला.

मी दोन्ही हातांनी पेला धरून मुकाट्यानं प्यालो.