काखेतल्या थर्मामीटरचे घुंगरू

माणसाचा ताप दोन ठिकाणी असतो : अंगात आणि तक्त्यात. समजूतदार समाजात यांपैकी दुसराच ग्राह्य धरतात.

आमच्या ठाकुर्लीच्या धर्मार्थ इस्पितळात १९५३ साली हे तत्त्व काटेकोर पाळले जाई. (मी तिथल्या समितीचा चिटणीस. अजूनही अभिमान वाटतो.) चौथ्या खाटेवरचा सहदेव मात्र फार हडकुळा. काखेत लावलेला थर्मामीटर सटकून गादीत जाई आणि पारा पंच्याण्णवावर बसून राही. तीन दिवस ताप नसेल तर रुग्णास घरी पाठवावे, असा नियम होता.

"अवो, अंग नुसतं फणफणतंय त्यांचं! हात तरी लावून बघा," त्याची बायको मालन रडकुंडीला येऊन म्हणाली.

"बाई, हाताला आकडे नसतात," कंपाउंडर गोपीनाथने समजावले.

तरी समिती निष्ठुर नव्हती. थर्मामीटर सटकल्याचे कळावे म्हणून अध्यक्ष श्रीपादराव थेट टेंभी नाक्याच्या बाजारातून घुंगरे घेऊन आले. प्रत्येक थर्मामीटरला दोरा, दोऱ्याला घुंगरू. सटकला की वाजणार. पहिल्याच दिवशी घुंगरे एक्केचाळीस वेळा वाजली : हुडहुडीने तेहतीस, मांजराने सात, सटकल्याने एक. (तो एक सहदेवचा. तेव्हा सगळे मांजरामागे धावत होते.) सबब हुडहुडीस मनाई करण्यात आली. रुग्णांनी तशा सह्याही दिल्या, जरा थरथरत्या. पण मलेरियाला शिस्त कुठली? अखेर सगळे थर्मामीटर खाटांच्या दांड्यांनाच घट्ट बांधले. मग एकही घुंगरू वाजले नाही. समितीने पेढे वाटले.

सहदेवचा तक्ता तर तीन दिवस आदर्श होता. चौथ्या दिवशी, गुरुवारी, त्याला घरी सोडायला समिती खाटेपाशी गेली, तर तिथे मालन एकटीच घोंगडी गुंडाळत होती.

"त्यांना मी सोमवारीच टांग्यात घालून कल्याणला नेलं," ती म्हणाली. "तिथल्या डाक्टरनं कपाळाला हात लावला अन् लगेच सुई टोचली. आता पेज पितायत."

"तक्त्यात तर ते इथंच आहेत," गोपीनाथ म्हणाला.

ज्याअर्थी रुग्ण सटकूनही घुंगरू वाजले नाही, त्याअर्थी चूक रुग्णाची, असा ठराव एकमताने झाला. मीच लिहिला.

हसू आले ना? येणारच. तुमच्या आतल्या खोलीत कुणीतरी कालपासून पांघरूण ओढून पडले आहे. आवाज नाही, म्हणून तर तुम्ही निवांत वाचत बसला आहात. एकदा जाऊन हात लावून या. आकडा विचारणार नाही.