मातीचं विरजण

"झाडांची औषधं स्वयंपाकघरात आणू नकोस," असं नवऱ्याने बजावलं होतं. सुनेने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. बाळीचा पहिला घास काही महिन्यांवर आला होता आणि तो घरच्या भाजीचाच असेल, असं ती साऱ्या गल्लीला सांगून बसली होती.

अंगण मात्र नावालाच. बांधकामातून उरलेली खडी, विटांचा चुरा आणि वर मातीची पातळ साय. "इथे गवतसुद्धा विचार करून उगवतं," नवरा म्हणायचा.

सून शिकलेली. तिने शेणखत आणलं आणि एक बुरशी मागवली. मुळांना बिलगून राहणारी, त्यांच्यासाठी लांबून पाणी नि अन्न ओढून आणणारी. बी त्यात घोळवून पेरायचं, म्हणून ती पिठाच्या पाण्यात कालवून मातीच्या बोळक्यात भरली आणि ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवली.

"ते काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

बुरशी म्हटलं तर बोळकं थेट उकिरड्यावर जाणार. "मातीचं विरजण आहे, आई," सून म्हणाली आणि आपल्याच हुशारीवर खूश होत बाळीला झोपवायला गेली.

मातीचं, म्हणजे मातीच्या भांड्यातलं. सासूबाईंचा अर्थ सरळ होता.

दुसऱ्या दिवशी नवरा जेवताना थबकला. "आज दही जमिनीशी नातं सांगतंय."

सून ओट्याकडे धावली. बोळकं घासूनपुसून पालथं घातलेलं.

"आई, बाळीला नाही ना दिलंत?"

"अंगावर पिणाऱ्या पोरीला दही कोण देतं? आणि नीट लागलंही नाही. आळशी आहे तुझं विरजण."

तिने लगेच दुकानदाराला फोन लावला. "माणसाच्या पोटात गेलं तर?"

"झाडाची मुळं वाढतात, ताई. माणसाचं अजून कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना विचारा. आणि नवा माल आता हंगाम संपल्यावरच."

डॉक्टर आधी हसले, मग काळजी नको म्हणाले. तरी नवरा संध्याकाळपर्यंत पाय उचलून दाखवत होता. "बघ, अजून रुजलो नाही."

ते बिघडलेलं दूध सासूबाईंनी अंगणाच्या मागच्या कोपऱ्यातल्या खडीत ओतलं. भाजीची देठं, साली, भोपळ्याच्या बिया, सगळं तिथेच पडायचं. सुनेने नुसत्या शेणखतावर वाफे पेरले. वाफ्यातली रोपं बोटभर वाढली आणि रुसून बसली. खडीतला भोपळा मात्र भिंत चढून गेला आणि वर फळं धरून बसला.

शेवटी सुनेने बोळक्यात काय होतं ते सांगून टाकलं. सासूबाईंनी वेलावरच्या एका भोपळ्याला टिचकी मारून पाहिली.

"म्हणजे विरजण चांगलं होतं. दूधच चुकलं माझं."

तेवढ्यात शेजारीण कुंपणावरून डोकावली. "दगडात भोपळा? काय घातलंत हो?"

"आमच्यात जमिनीला विरजण लावतात," सासूबाई मान ताठ करून म्हणाल्या. "सूनबाई शिकलेली आहे."

सुनेला एकाएकी आपण वीतभर उंच झाल्यासारखं वाटलं.

आज बाळीने त्या भोपळ्याचा पहिला घास घेतला, मिटक्या मारल्या आणि पुन्हा तोंड उघडलं. सून भरवण्यात गुंतली आहे. सासूबाई सकाळपासून वेलाशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगताहेत, आणि ऊन चढलंय. तुम्ही त्या बाजूने जात असाल, तर त्यांनी घोटभर पाणी घेतलं का, तेवढं बघाल?