बिनविजेचा पंखा

आमच्या असोद्यात वीज आली नव्हती तेव्हाही सोनजीआबांच्या घरात दोन इस्त्र्या, एक शेगडी, एक रेडिओ आणि टेबलावरचा पंखा होता. सगळं विजेचं, आणि सगळं जळगावच्या लोकांनी बंद पडलं म्हणून काढून टाकलेलं.

आबा आमचे शेजारी. दोन्ही घरांत मिळून एकच भिंत. केळीची गाडी भरून ते जळगावला स्टेशनावर जात आणि येताना रिकाम्या गाडीत, केळीच्या पानांवर निजवून, काहीतरी आणत. दारात त्यांची बायको, आमच्या अक्का, उभ्याच असत.

"आता हे काय वो?"

"विजेची वस्तू हाये."

"आपल्याकडे कुठी हाये वीज?"

"म्हनून त बरं. हिले विजेनंच बिघाडलं. आपुन विजेबिगर चालवू."

'विजेबिगर चालवू' हे दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. इस्त्रीच्या पोटातलं सगळं काढून त्यांनी तिच्यात निखारे भरले, वर पत्र्याचं झाकण बसवलं. पहिला मान माझ्या सासऱ्यांच्या कोटाला मिळाला. पाठीवर पिंपळाच्या पानाएवढं भोक पडलं. सासरे शेजारधर्माला जागले, पण पुढे कोणाच्याही लग्नात ते भिंतीला पाठ लावूनच बसत.

शेगडीतली वेटोळ्यांची तार ओढून सरळ केली, ती दोडक्याच्या वेलाला गेली. रेडिओ रिकामा करून ओट्यावर ठेवला, तर त्यात कोंबडी जाऊन बसली. आबांनी तिला हाकललं नाही. ती ओरडली की ते घरात सांगत, "बातम्या लागल्या वं. अंडं पाह्य."

अक्का हसत, पण हसता हसता त्यांना धाप लागायची. त्यांना दमा होता. थंडीत कसंतरी निभे. वैशाखात मात्र जीव घाबरा व्हायचा. आमच्याकडचं ऊन साधं नाही. दुपारी बाहेरच्या भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा ओढून घ्यावा लागतो. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. अक्का तिथे खाटेवर बसून राहत, कारण आडवं झालं की श्वास अडे. तो श्वास मला भिंतीतून ऐकू यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हवा लागत राहिली पाहिजे.

हवा लावणार कोण? लेकी सासरी दिलेल्या. दुपारी आम्ही बाया शेतात. उरले आबा. आणि आमच्यात बाई नवऱ्याला वारा घालते; जेवताना घालते, निजला की घालते. पुरुषाने बायकोला घातलेला मी कधी पाहिला नव्हता. तसा कोणी दिसला असता तर पारावरच्या मंडळींनी त्याला असं नाव ठेवलं असतं की ते नातवंडांनाही चिकटलं असतं.

त्या वर्षी आबांनी पंखा आणला. जळगावच्या एका दवाखान्यातला, जड, हिरवा, लोखंडी पात्यांचा. तो आल्यावर बाकी सगळी खटपट थांबली. मी ताक घेऊन गेले तेव्हा अक्का म्हणाल्या, "पाह्य वं. या घरात मीच एक चालती वस्तू व्हते. बंद पडले, तव्हा कुठी ह्यांचं माह्याकडे ध्यान गेलं."

आबांनी पंख्याचा आणखी एक स्क्रू काढला.

पहिल्यांदा त्यांनी पंख्याला दोर गुंडाळून दुसरं टोक दारातून बाहेर नेलं आणि बैलाला बांधलं. बैल पुढे सरके तेव्हा पंखा फिरे, मागे आला की थांबे. हे बैलाला बराच वेळ जमलं. मग त्याला तहान लागली. तो विहिरीकडे निघाला, पंखा त्याच्या मागे, पंख्यामागे आबा. गल्लीतली सगळी पोरं आबांच्या मागे.

मग माळ्यावरचा चरखा खाली आला. चरख्याचं चाक, पंख्याची दांडी आणि दोन्हींवरून घट्ट सूत. चाक हाताने फिरवलं की पंखा खरंच गरगर फिरायचा. वारा सुटला. अक्कांनी त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकवून डोळे मिटले.

पारावर बातमी जायला वेळ लागला नाही. त्र्यंबकभाऊंचं घर समोरच, आणि त्यांची जीभ विळ्यासारखी. ओट्यावर येऊन ते म्हणाले, "काय आबा, अक्का खाटीवर अन् तुमी चरख्यावर? उद्या पाय दाबजा."

आबा चाकाला तेल लावत होते. "मी मशीन तपासू राह्यलो," ते म्हणाले. "वारा कुठी जातो ते मी कायले पाहू?"

त्र्यंबकभाऊ ते सांगायला पारावर गेले. त्यानंतर आबा रोज दुपारभर मशीन तपासत. गावाने मान्य केलं की म्हातारा मशिनीपायी वेडा झाला. वेड्याला कोणी नाव ठेवत नाही.

एके दिवशी बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, वाळवण होतं म्हणून मी घरी राहिले. शेजारून चाकाची घरघर येत होती. दुपार चढली आणि एकदम काहीतरी मोडल्याचा आवाज झाला. घरघर थांबली. मग नुसता अक्कांचा श्वास, ओढून ओढून घेतलेला. तो काही थांबेना. मग हळूहळू तो उतरत गेला, आणि मला भीती वाटली. मी वाळवण टाकून धावले.

मधल्या खोलीत चरख्याचं चाक दोन तुकडे होऊन पडलं होतं. पंखा उघडा. आबांनी त्याचं एक पातं काढलं होतं आणि खाटेजवळ जमिनीवर बसून ते दोन्ही हातांनी अक्कांना वारा घालत होते. अंगरखा घामाने भिजलेला. अक्का उशीला टेकून शांत निजल्या होत्या.

मला पाहून आबांचा हात थबकला. अक्कांच्या कपाळावर आठी पडली. हात पुन्हा सुरू झाला.

"पातं," ते हळूच म्हणाले. "तपासू राह्यलो. वाकडं हाये का ते."

मी पदर पुढे ओढला, मागे फिरले आणि दार ओढून घेतलं. वाळवणाची काठी उचलून आणली आणि त्यांच्या ओट्यावर बसले. आमचे बिबडे कावळ्यांनी खाल्ले असतील, तिकडे मी पाहिलं नाही.

उन्हं थोडी कलल्यावर त्र्यंबकभाऊ आले. दाराला हात घालणार, तोच मी उठून उभी राहिले.

"मधी जाता येत नही, भाऊ. मशीन चालू हाये."

त्यांनी कान दिला. "आवाज त कायचाच येत नही."

"आजच तेल घातलं," मी म्हणाले.