गाडीवर पाणी सोडणे

कॉलनीतल्या पाण्याने अच्युतराव खाडिलकरांविरुद्ध तक्रार गुदरली आणि त्या दिवसापासून ते त्यांच्या नळाला यायचं बंद झालं. तक्रार एका ओळीची होती: 'सदर गृहस्थाच्या गाडीवर आम्हाला थारा मिळत नाही.'

आता याला काय म्हणायचं? माणसानं हौसेनं स्वतःच्या गाडीला मेण लावलं. मेणावर पाणी पसरत नाही, त्याचे गोल थेंब होतात आणि घरंगळून जातात. सगळीकडे हेच होतं. पण नगरपालिकेचे कारकून कारंडे चौकशीला आले ते गंभीर चेहरा करूनच.

"शेजारच्या गाड्यांवर पाणी ऐसपैस बसतं, साहेब. तुमच्याकडे त्याला टेकूही देत नाहीत. अपमान झालाय त्याचा."

"गाडी माझी, मेण माझं. पाण्याचा काय संबंध?"

"ते लेखी द्या."

अच्युतरावांनी चार पानं लिहून दिली. संताप नुसता धुमसत होता. हेमलताबाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारून बादल्या आणत होत्या आणि हे पोर्चमध्ये गाडीला मेणाचा तिसरा हात देत होते, तोही उघड्या तळव्याने. फडक्याने चरे पडतात म्हणे.

चौथ्या दिवशी आदेश आला: 'खाडिलकर यांनी गाडीवर पाणी सोडावे.'

"एवढंच ना?" म्हणत अच्युतरावांनी नुकतीच आलेली बादली उचलली आणि बॉनेटवर रिकामी केली. पाण्याचे टपोरे थेंब झाले, ते खाली उतरले आणि फाटकाबाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कारंडे पुन्हा हजर. "सोडायला सांगितलं होतं साहेब, ओतायला नाही. पाणी सोडा म्हणजे गाडी विसरा. आता तक्रारी दोन झाल्या."

अच्युतराव भडकले. एकोणीस वर्षं नोकरी करून घेतलेली गाडी, ती पाण्याच्या रुसव्यापायी सोडायची? पण पाच दिवस अंघोळ नव्हती. शेवटी गाडीवर पाणी सोडायला त्यांनी रागारागाने हात पुढे केला. कारंडेंनी पिशवीतून तांब्या-पळी काढून तळव्यावर पाणी घातलं. त्याचा गोल थेंब झाला आणि मनगटावरून ओघळून गेला. तीनदा घातलं, तीनदा तसंच झालं.

"इथेही थारा नाही," कारंडेंनी नोंद केली. "घरातलं दुसरं कुणी चालेल. वहिनी, तुम्ही या."

हेमलताबाईंनी बादली खाली ठेवली आणि हात पुढे केला. पाणी त्यांच्या भेगाळलेल्या तळव्यावर पसरलं आणि निमूट बसून राहिलं.

"कशावर सोडू?"

"ज्यानं थारा दिला नाही त्याच्यावर."

हेमलताबाईंनी गाडीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "माझं बोलणंही यांच्यावर कधी टिकलं नाही. दोघांना मिळून एक पळी पुरेल का?"

"पुरते," कारंडे म्हणाले आणि त्यांनी आणखी एक फॉर्म काढला.

बाईंनी हात तिरका केला. आत स्वयंपाकघरात नळ वाहू लागला आणि त्या तो बंद करायला गेल्या. हा शुद्ध अन्याय आहे, वरपर्यंत जाईन, असं बजावत अच्युतराव तडक गाडीत जाऊन बसले. कारंडेंनी काचेवर टकटक केलं.

"उतरा साहेब. गाडीची नोंद वेगळी आहे, तुमची वेगळी."