डावीकडचं शून्य

उत्तरानं तीनशे पाच हा आकडा ३००५ असा लिहून आणला, तेव्हा गुणाजी परबांनी एक छोटासा निर्णय घेतला. मुलीचं गणित यापुढे आपण घ्यायचं. (परबांच्या घरात छोटे निर्णय गुणाजी घेत. मोठे त्यांची बायको शेवंती घेई, आणि छोटे निस्तरायचीही तीच.)

दोष मुलीचा नाही, असं त्यांचं ठाम मत पडलं. पुस्तकात एकक, दशक, शतक अशी तीन घरं आखलेली आणि खाली आकडे. चित्र औषधालाही नाही. दुसरीतल्या पोरीनं त्यातून काय घ्यावं? गुणाजींनी ऑफिसातून वाया गेलेले टाइपाचे कागद आणले, उत्तराचे खडू घेतले आणि स्वतःच चित्रांचं पुस्तक करायला बसले. आता चित्र कशाचं काढायचं? कमळ आणि बदक त्यांना काढता येत नव्हतं. येत होता तो फक्त रॉकेलचा डबा. पण कांदिवलीच्या त्या बिल्डिंगमध्ये गॅसचा नंबर अजून कोणाचाच लागला नव्हता, त्यामुळे पोरांची कमळापेक्षा डब्याशीच जास्त ओळख होती.

तेव्हा कागदाच्या डाव्या कडेला रेशनचं दुकान आलं आणि तिथून उजवीकडे रांग निघाली. शतकाच्या घरात तीन माणसं, एककाच्या घरात पाच, आणि मधे दशकाच्या घरात माणूस नाही, नुसता रिकामा डबा.

"मालक चहाला गेलाय," गुणाजींनी समजावलं, "पण डब्यानं जागा धरलीय. म्हणून मधल्या शून्याला हात लावायचा नाही."

उत्तराच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जन्मापासून ती त्याच रांगेत वाढली होती. मग गुणाजींना चेव आला आणि त्यांनी पुढचं पान काढलं. त्यात डबा सगळ्यांच्या पुढे, अगदी डावीकडे. या शून्याला काडीची किंमत नाही, खुशाल उचलून बाजूला ठेवायचं, असं त्यांनी खाली मोठ्या अक्षरात लिहिलंसुद्धा. उत्तरानं ते पुस्तक बिल्डिंगमधल्या पोरांना वाचून दाखवलं, मग पोरांच्या आयांना. गुणाजी जिन्यातून जरा सावकाश उतरू लागले, कोणी विचारलंच तर सापडावेत म्हणून.

त्याच रविवारी घरी सत्यनारायण होता. शेवंतीच्या माहेरची सगळी मंडळी मुलुंडहून येणार, आणि घरात रॉकेल म्हणाल तर स्टोव्ह फुरफुरण्यापुरतं. शनिवारी रॉकेल मिळालं नाही तर प्रसादाचा शिरा व्हायचा कशावर? शेवंतीला त्या काळजीनं झोप लागेना. गुणाजींनी मात्र भल्या पहाटे जाऊन दुकानाच्या बंद फळीला टेकवून आपला डबा ठेवला, पहिला नंबर, आणि उत्तराला राखणीला बसवून ते चहाला परत आले.

"कोणी ढकललो तर डबो काय भांडतलो?" शेवंती म्हणाली. "तुमी सोता उभे रवा."

गुणाजी हसले आणि आणखी अर्धा कप चहा घेतला. (तो अर्धा कप पुढे त्यांना वर्षानुवर्षं ऐकवला गेला.)

परत येऊन बघतात तर रांगेत पहिल्या नंबरावर शेजारच्या रुक्मिणीकाकू उभ्या, आणि परबांचा डबा गटाराच्या कडेला. झालं होतं ते असं. काकूंनी सहज विचारलं, हा पुढचा डबा कोणाचा गं? उत्तरानं ताठ उभं राहून बाबांचं ते पान घडाघडा म्हणून दाखवलं. सगळ्या रांगेला गणित एकदम पटलं, मुलगी हुशार आहे म्हणून चार जणांनी तिची पाठ थोपटली, आणि तिनं स्वतःच्या हातानं डबा उचलून बाजूला ठेवला. मधे आणखी बरेच रिकामे डबे होते. त्यांना कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"मधल्या शून्याला हात लावायचा नाही ना, बाबा," उत्तरा म्हणाली.

गुणाजींना रडावं की शाबासकी द्यावी ते कळेना. वाद घालावा तर पुस्तक त्यांचंच. ते मुकाट्यानं रांगेच्या शेवटी गेले. बाबा आता उजवीकडे आले, आता रांगेची किंमत दसपट झाली, अशी उत्तरानं त्यांची समजूतही घातली. त्यांचा नंबर आला तेव्हा दुकानदार टाकी तिरपी करून शेवटचे थेंब दुसऱ्याच्या डब्यात निथळत होता.

शेवंतीनं रिकामा डबा बघितला आणि नवऱ्याकडे बघितलं. "तुमी म्हणजे नुसता शून्य," एवढंच ती बोलली आणि वाटी घेऊन रुक्मिणीकाकूंकडे गेली. काकूंनी वाटीच काय, अर्धा डबा दिला. फक्त नातवासाठी ते पुस्तक मागून घेतलं.

रविवारी शिरा झकास झाला. गुरुजींनी जोडप्याला पाटावर बसवलं, रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या उजव्या हाताला बायको. माहेरच्या मंडळींसोबत उत्तरा मागे बसली होती. तिनं आईबाबांच्या पाठींकडे बराच वेळ टक लावून बघितलं आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गुरुजी, आई म्हणते बाबा शून्य आहेत. मग त्यांना आईच्या उजवीकडे बसवा ना. डावीकडे त्यांना काहीच किंमत नाही."

गुरुजींनी पळीतलं पाणी सोडलं आणि मान वर न करता म्हणाले, "बाळ, शास्त्रातच तसं आहे."