तेलवाला देश उठून गेला

यंदा विमानात बसायचंच, असा मी चंगच बांधला होता, आणि माझी जागा पक्की होती! अर्थखात्यात मी तेव्हा नवा, अंगात नुसती रग. मंत्रीसाहेब पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय आर्थिक परिषदेला निघालेले, आणि सोबत आमच्या शाखेतला एकच माणूस, म्हणजे मी! आईनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. शेजारच्या काकूंनी तर तिकडून आणायच्या स्वेटरचं मापही देऊन टाकलं.

मंत्रीसाहेब म्हणजे देवमाणूस, पण चार अनोळखी माणसं दिसली की त्यांचा घसा कोरडा पडायचा. म्हणून मी सुचवलं, "साहेब, रंगीत तालीम करू! आपलेच लोक परदेश होतील, तुम्ही वाटाघाटी करा." साहेब खूश, मी हवेत!

सभागृहात टेबलं गोल मांडली. टायपिस्टबाई सगळ्यात श्रीमंत देश, शिपाईमामा तेलवाला देश. पुठ्ठ्याच्या पाट्या मी स्वतः चिकटवल्या. त्या डिंकाचा वास अजून नाकात आहे. काय दिवस होते हो ते!

मंत्रीसाहेब खाकरले. "आमच्या कापडावरचा कर जरा कमी करावा, अशी विनंती आहे."

"मुळीच नाही!" टायपिस्टबाई कडाडल्या. "आधी मला खिडकीजवळ जागा द्या. त्या कपाटामागे बसून जीव गुदमरतो माझा!"

मी कुजबुजलो, "अहो बाई, तुम्ही देश आहात!"

"देश आहे म्हणूनच बोलतेय!"

हे ऐकून मामांना चेव चढला. जिने चढून गुडघे गेले, तरी त्यांना कुणी तळमजल्यावर बदली देईना. ते ताडकन उठले. "मग माझंही तेल बंद! थेंब मिळणार नाही!" आणि तरातरा बाहेर!

बाहेर बाकावर एक वार्ताहर पेंगत होता. तो दचकून उठला. "मामा, काय झालं आत?"

"बोलणी फिसकटली! तेल बंद!" मामा फणकारले.

वार्ताहर टेलिफोनकडे असा धावला की त्याची एक चप्पल तिथंच राहिली. दुपारपर्यंत पेट्रोल पंपावर ही रांग! लोक डबे, बादल्या, हंडे घेऊन उभे. मी धावत बघायला गेलो, तर रांगेत माझी आई! म्हणाली, "तुझ्याच ऑफिसची बातमी आहे रे, खोटी कशी असेल?"

परत आलो तेव्हा सगळे फोन एकदम खणखणत होते. मंत्रीसाहेब म्हणाले, "खुलासे करायला कुणीतरी इथं थांबलंच पाहिजे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि तुमच्यासोबत कोण, साहेब?"

"बाई येतील. त्यांच्याशी बोलून माझी भीड चेपली. तिकडचे काय याहून कडक असणार!"

ते निघाले त्या दिवशी मी फोनवर सांगत होतो, "नाही हो, तेलवाला देश म्हणजे आमचे शिपाईमामा!" तेवढ्यात छतावरून विमान घरघरत गेलं. खरं सांगतो, रडू आलं.

परिषदेत कर उतरला, मामाही तळमजल्यावर आले. बाई परतल्या, पण तोंड उतरलेलं. मी जरा घुश्शातच विचारलं, "मग, गाजवलीत परिषद?"

"कसली! मागच्या रांगेत बसवलं. एक शब्द बोलू दिला नाही कुणी."

मला काय झालं कोण जाणे, राग कुठल्या कुठे गेला. म्हटलं, "माझ्यापाशी बोला. मी ऐकतो."

आता आम्हाला नातवंडं आहेत. तिचं भाषण अजून चालू आहे!