वडवणी ते काश्मीर, एका पंख्यावर

बशीरचाचा महाबळेश्वरला निघाले की आधी पंखा पुसून घेतात.

जुना टेबलफॅन आहे, मान डावीकडे वळली की कुरकुरणारा. पण महाबळेश्वरची सगळी थंड हवा त्याच्यातूनच येते, म्हणून त्याचा मान मोठा. चाचा त्याची पाती फडक्यानं पुसतात, त्याच्यासमोर दोरीवर ओला पंचा टाकतात आणि मग दाराबाहेर तोंड काढून ओरडतात, "चला, महाबळेश्वरवाले! गाडी लागली! ज्याची बॅग न्हाई त्याला घेणार न्हाई!"

की आमच्या वडवणीतल्या गल्लीतून, भर मे महिन्याच्या उन्हात, पोरं दप्तरं, बाजाराच्या पिशव्या, उशांचे अभ्रे, जे सापडेल ते भरून धावत सुटतात. एका पोरानं तर आजोबांची पत्र्याची पेटी फरफटत आणली होती. आत फक्त एक कंगवा.

चाचांचा फोटो स्टुडिओ माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून आहे. मध्ये एकच भिंत, आणि तीही अशी की त्यांच्याकडे कुणी शिंकलं तर माझ्या सुईतला दोरा निघावा. हल्ली फोटो काढायला कोण येतं? ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा. पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन, एवढंच राहिलंय. पण जुन्या वैभवातले रंगवलेले पडदे अजून छताला गुंडाळून बांधलेले आहेत. एक दोरी सोडली की महाबळेश्वरचा धबधबा खाली येतो, दुसरी सोडली की समुद्र, तिसरी सोडली की काश्मीर. शिवाय कोपऱ्यात प्लायवूडचं विमान आहे. त्याच्या खिडकीतून तोंड काढून आमच्या तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांनी कधीकाळी फोटो काढून घेतलेत.

सगळा जन्म लोकांना नीट बसवण्यात गेल्यामुळे चाचांना कुणी वाकडं उभं राहिलेलं सहन होत नाही. मागे बाजारात टोमॅटोच्या वजनावरून दोघं हातघाईवर आले होते. चाचा मध्ये घुसले आणि म्हणाले, "हनुवटी खाली. खांदे सैल सोडा. हां. आता भांडा." दोघं इतके नीट उभे राहिले की भांडण कशावरून होतं तेच विसरले.

त्यांचा दुसरा ठरलेला शब्द म्हणजे "फुल्ल इंतजाम हाय!" याचा अर्थ काहीही तयार नाही, असा घ्यायचा.

हे सहलींचं प्रकरण मागच्या उन्हाळ्यात सुरू झालं, माझ्यामुळेच. लग्नसराई होती, दुकानात ब्लाउजांचा ढीग, आणि शाळेला सुट्टी लागल्यामुळे माझी दोन्ही लेकरं, ओम्या आणि धाकटी छबू, माझ्या डोक्यावर. त्यात ओम्याच्या वर्गातला कुणी तरी महाबळेश्वरला गेलेला. झालं! ओम्यानं कात्री-टेप लपवून ठेवली आणि भोकाड पसरलं. "आपण कावून जात न्हाई? आपण कुटंच कावून जात न्हाई?"

आता काय सांगायचं? यांचा पगार महिनाअखेर गाठता गाठता दमतो, आणि माझं शिवणकाम फीला जातं. मी त्याला ओरडणार, तेवढ्यात चाचा पँटची चेन बसवून घ्यायला आत आले. ओम्याकडे बघून म्हणाले, "म्हाबळेश्वरला जायचंय ना? मग रडतो कावून? बॅग भर की."

"चाचा, लेकराची चेष्टा करू नका," मी म्हणाले.

"चेष्टा न्हाई ताई. दुपारच्याला निघू. फुल्ल इंतजाम हाय!"

मी अर्थातच घाबरले.

पण दुपारी भिंतीपलीकडून जे आवाज यायला लागले ते ऐकून माझी मशीन थांबली. चाचांनी पोरांना बाकड्यावर दोघं दोघं बसवलं होतं. तिकीट म्हणून जुन्या निगेटिव्हची पाकिटं फाडून दिली होती. आणि गाडी काही सुटत नव्हती. पोरं कंटाळून ओरडली, "चाचा, कधी निघायचं?" तर म्हणाले, "ड्रायवर च्या पिऊन यायलाय. गाडी लगेच सुटली तर तिला काय सहल म्हणायची?"

शेवटी सुटली. खिडकीवरून भांडणं झाली. दशमी आणि शेंगदाण्याची चटणी गाडी गल्लीच्या बाहेर पडायच्या आतच संपली. मग चाचा ओरडले, "घाट लागला! डावीकडं झुका! आता उजवीकडं! कुणाला उलटी हुतीय का?"

सगळ्यांनाच होत होती. उलटीचा मान कुणाला द्यायचा यावरून मारामारी झाली. ओम्यानं तो इतक्या मनापासून पार पाडला की खरोखरच दशमी बाहेर आली. संध्याकाळी घरी आला तो छाती फुगवून. "आई, लई वळणं हायत त्या घाटात! तू येऊच नको, तुला सोसायचं न्हाई."

त्या दिवसापासून माझी लेकरं दुपारी गावात नसायची.

समुद्राच्या सहलीला वाळू लागली. ती समोरच्या बांधकामावरून, मालकाला विचारून, घमेल्यानं आली. परातीत पाणी, पाण्यात मूठभर मीठ. "चाखून बघा! खारट हाय का न्हाई? मग? समिंदर न्हाई तर काय हाय ह्यो?" निघताना चाचांनी प्रत्येकाच्या चपला दारात झटकून घेतल्या. "समिंदर उद्या परत द्यायचाय. घरी नेऊ नका."

आमच्या सासूबाईंनी यावर भरपूर तोंडसुख घेतलं. "म्हातारचळ लागलाय फोटूवाल्याला. पोरं बी येडी, अन् तूबी." असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दुपारी सासूबाई घरात नाहीत. शोधत शोधत स्टुडिओत गेले, तर परातीत पाय सोडून, डोळे मिटून, समुद्राकडे पाठ करून बसलेल्या.

"आई?"

एक डोळा उघडून म्हणाल्या, "टाचा दुखायल्यात. मिठाच्या पाण्यानं बरं वाटतंय. दुसरं काय न्हाई." आणि मग चाचांना, "अहो भाऊ, लाटा कधी सोडताय?"

या वर्षी चाचांनी काश्मीर जाहीर केलं. काश्मीरला स्वेटर सक्तीचं.

तुम्ही आमच्याकडचा मे महिना बघितलाय का? पत्र्यावर हात ठेवला तर हाताची भाकरी होते. अशा उन्हात पोरं स्वेटर घालून, माकडटोप्या कानावर ओढून, पंचे गळ्याला गुंडाळून रांगेत चालली होती. बसस्टँडवरची माणसं उठून उठून बघत होती. एकानं मला विचारलं, "कुटली साथ आली का काय ताई?"

बर्फ म्हणजे गादीवाल्याकडचा पिंजलेला कापूस. चाचांनी पंखा सुरू केला मात्र, सगळा बर्फ उडाला आणि पोरांच्या नाकातोंडात गेला. काश्मीरभर शिंका. त्यात रसवंतीवरून बर्फाचा एक तुकडा बारदानात गुंडाळून आणला होता. "ह्यो असली बर्फ. फकस्त हात लावून पुढं द्यायचा, चाटायचा न्हाई." पहिल्या पोरापासून शेवटच्यापर्यंत तो जाईस्तोवर हातात फक्त बारदान उरलं.

तेवढ्यात गल्लीतला अकील म्हणाला, "चाचा, काश्मीरला शेळ्या असतात. आमच्या पुस्तकात हाय."

चाचांना कुठलीही सूचना आवडते. "असतात की! आन!"

अकीलनं घरची शेळी आणली. तिच्या गळ्यातही एक मफलर बांधला. शेळीनं आधी थोडा वेळ काश्मीरचं निरीक्षण केलं. मग कापूस हुंगला. मग ती पडद्याकडे गेली. आता त्या जुन्या पडद्याला खळ होती, कांजीची. शेळीला वास आला. सगळी पोरं त्या वेळी बर्फात लोळत होती, चाचा "हिमवादळ! हिमवादळ!" म्हणत पंख्याची मान फिरवत होते. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तिनं शिकारा खाल्ला होता, सरोवर अर्धं संपवलं होतं आणि ती डोंगराच्या पायथ्याशी पोचली होती.

आरडाओरडा ऐकून मी धावले. पोरं भिंतीला चिकटून उभी. अकील रडकुंडीला आलेला. मध्ये मफलरवाली शेळी, तोंडातून काश्मीरची एक चिंधी लोंबतेय, आणि समोर चाचा.

चाचांनी तिच्याकडे खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "हनुवटी खाली."

शेळीनं मान खाली घातली, खरंच घातली. आणि चाचा असे हसत सुटले की त्यांना खाली बसावं लागलं. पोरं हसली, अकील रडत रडत हसला, मी दाराला धरून हसले. शेळीनं तेवढ्यात आणखी एक डोंगर खाल्ला.

पण दुसऱ्या दिवशी स्टुडिओचं दार उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशीही नाही. आतून रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास यायचा. पोरं दाराला कान लावून बसायची आणि बातम्या घेऊन माझ्याकडे यायची. "आई, चाचा नवा पडदा रंगवायल्यात!" "आई, दुबई हाय!" "न्हाई, लंडन. अकील म्हणला, त्यानं फटीतून घड्याळ बघितलं." छबूला चंद्र हवा होता. चंद्राला जायचं तर डब्यात काय द्यायचं, म्हणून तिनं मला भंडावून सोडलं.

मी चहा घेऊन गेले. दार वीतभर उघडलं, हिरव्या रंगानं माखलेला एक हात बाहेर आला, कप आत गेला.

"चाचा, पोरं वाट बघतायत. कुठला पडदा काढताय?"

"काढायलोय," एवढंच म्हणाले. एरवी हा माणूस दोन वाक्यांत एक विनोद केल्याशिवाय कप घेत नाही. चाची वारल्यापासून ते तिथंच राहतात, तिथंच स्टोव्हवर काही तरी शिजवून खातात. एवढी वर्षं मी भिंतीपलीकडे बसते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, पोरं नसली की या खोलीत किती शांतता असेल.

मग एका दुपारी हाक आली. "चला. गाडी लागली."

नेमकी त्याच वेळी लाईट गेली. माझी मशीन थांबली. संध्याकाळी एका नवरीचे ब्लाउज द्यायचे होते, पण काही करता येत नव्हतं, आणि छबू पदर ओढत होती, म्हणून मीही गेले. माझी पहिलीच सहल.

चाचांनी दोरी सोडली. काश्मीरचीच मागची बाजू होती ती. खाल्लेल्या जागी ठिगळं लावून त्यावर रंगवलेलं. पोरं पुढे सरसावली आणि तोंडं पाडून उभी राहिली.

एक गाव होतं. मातीची घरं, एक लिंब, मारुतीचा पार, त्याच्यापलीकडे मशिदीची छोटी कमान, विहिरीवर दोन बाया. पुढे अगदी जवळ एक घर. त्याचं हिरवं दार.

"चाचा, हे तर आपल्यासारखंच गाव हाय," ओम्या म्हणाला. "इथं काय बघायचं?"

"माजं गाव हाय," चाचा म्हणाले. "धरणात गेलं. तवा मी तुज्याएवढा हुतो."

"म्हंजे पाण्याखाली?"

"हां."

अकीलनं जरा विचार केला. "मग तिथं गाडी जाते का?"

"आज जाती," चाचा म्हणाले, आणि काय केलं असेल? एरवी हे पुढे उभं राहून ओरडायचे. आज सगळ्यात मागच्या बाकड्यावर, छबूशेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून बसले. "ओम्या, तू चालव."

ओम्यानं गाडी चालवली. पोरं सवयीनं झुकायला लागली, तर चाचा म्हणाले, "घाट न्हाई. सपाट रस्ता हाय. डावीकडं नदी लागंल." सगळ्यांनी डावीकडे बघितलं. मीही बघितलं.

गाव आलं. पोरं उतरली. विहीर बघितली, पारावर बसून आली. चाचा एकेक सांगत होते, हळू आवाजात. ह्या लिंबावरून पडलो हुतो. इथं आमची शाळा भरायची. ह्या बाईनं मला एकदा काकडी चोरताना धरलं, अन् वरून आणखी दोन दिल्या.

छबू मात्र सरळ त्या हिरव्या दारापाशी गेली. मूठ वळून तिनं दार वाजवलं. पडदा नुसता हलला. तिनं पुन्हा वाजवलं. मग मागे वळून म्हणाली, "चाचा, कुणी उघडंना."

सगळी पोरं चाचांकडे बघायला लागली. मला वाटलं, आता काही तरी गंमत करतील. मनातून वाटलं, करावी.

चाचा उठले. तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले.

"अम्मी आत हाय बेटा," ते म्हणाले. "चुलीपाशी असंल. तिला जरा कमी ऐकू येतं. थांब थोडं. यील ती."

छबूनं मान हलवली. पिशवी मांडीवर घेऊन ती दारापुढे फतकल मारून बसली. तिच्याशेजारी अकील बसला. मग एकेक करून सगळीच बसली, लिंबाखाली सावली असल्यासारखी दाटीवाटीनं. ओम्यानं डबा उघडला आणि दशमी मोडून अर्धी चाचांच्या हातात दिली. "तवर खाऊन घ्या."

चाचांनी घेतली. दाराकडे बघत बारीक बारीक घास करून खायला लागले.

थोड्या वेळानं लाईट आली. भिंतीपलीकडे माझ्या दुकानातला पंखा फिरायला लागला, चालू राहिलेला रेडिओ बोलायला लागला. कुणी तरी "ताई, ब्लाउज झाले का?" म्हणून हाक मारली.

मी उठले नाही.